तालुका कोर्टातली फुकटची तीन वर्षं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं आणि माझी ज्युनिअर आलीच नाही. दुपारी फोन केला. "मॅडम, पुण्याला लागले मी. कर्जवसुलीच्या कंपनीत. बावीस हजार देतात. सनद स्थगित करायचा अर्ज टाकणारे." मी तिला थांब म्हटलं नाही. महिन्याला सहा हजार हातावर ठेवणाऱ्या बाईनं बावीस हजारांवर गेलेल्या पोरीला थांब म्हणायचं कोणत्या तोंडानं?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी १९ वर्षं वकिली करते. या १९ वर्षांत माझ्या टेबलाशी पाच ज्युनिअर आले. एक वकिलीत टिकला, कारण त्याच्या वडिलांचं खताचं दुकान आहे. चौघं गेले, आणि गेलेले चौघंही टिकलेल्यापेक्षा कामात सरस होते. हे मी त्याच्या तोंडावर बोलले आहे, म्हणून इथेही लिहिते. घरात तीन वर्षं बसून खाण्याइतकं असेल त्यानंच वकील व्हावं, हा आमच्या धंद्यात शिरण्याचा खरा नियम आहे. तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा कडक पाळला जातो.

लिहिलेला कायदा काय म्हणतो तेही पाहा. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम २४ प्रमाणे सनदेची फी ७५० रुपये आहे: ६०० राज्याच्या बार कौन्सिलला, १५० बार कौन्सिल ऑफ इंडियाला. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. कायद्यात हा आकडा छापलेला असताना देशभरच्या बार कौन्सिलांनी वर्षानुवर्षं पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या वरपर्यंत रकमा उकळल्या. लायब्ररी फंड, प्रक्रिया शुल्क, ओळखपत्र, कल्याण निधी अशी दहा नावं लावून उकळल्या. ज्या संस्थेनं कायदा पाळायची शपथ घ्यायला लावायची, तीच कायदा मोडून शपथेचे पैसे घेत होती. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हे बंद केलं आणि कायद्यात लिहिलंय त्याच्यावर एक रुपया घ्यायचा नाही असं सांगितलं. जास्तीच्या फीमुळे गरीब आणि मागास घरातली मुलं दाराबाहेरच राहतात, हेही न्यायालयानं स्पष्ट नोंदवलं. निकाल मात्र पुढच्यांसाठी, मागे घेतलेले पैसे परत नाहीत. माझ्या दुसऱ्या ज्युनिअरच्या आईनं सनदेसाठी कानातले डाग मोडले होते. ते मोडलेलेच राहिले.

बरं, दार स्वस्त झालं म्हणावं तर दारामागे लगेच दुसरी खिडकी आहे. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेतलेल्या प्रत्येकाला सनद मिळाल्यावर दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते. शंभर प्रश्न, चारातला एक पर्याय निवडायचा, टिपा नसलेली कायद्यांची पुस्तकं सोबत न्यायला परवानगी. अलीकडच्या परीक्षांना फी ३,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना २,५००. म्हणजे संसदेनं ज्या मुलासाठी सनद १२५ रुपयांत ठेवली, त्याच्याकडून परीक्षेच्या नावाखाली त्याच्या वीसपट रक्कम घेतली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठानं ही परीक्षा घ्यायचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. अधिकाराबद्दल माझी तक्रार नाही. परीक्षा असावी. पण ती ज्याची परीक्षा घेते ते वकिलीचं काम नव्हे. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. माझ्याकडे आलेल्या पाचांपैकी एकालाही मराठीत कैफियत लिहिता येत नव्हती. दाव्याचं कारण कुठे घडलं हे एका परिच्छेदात मांडता येत नव्हतं, साक्षीदाराला मोडणारा साधा प्रश्न करता येत नव्हता. त्यांना हे कोणी शिकवलंच नव्हतं. ज्या कॉलेजांतून ते आले तिथे वर्षाची फी भरली की हजेरी आपोआप भरते, हे जिल्ह्यातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. बार कौन्सिलनं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये नवी लॉ कॉलेजं तीन वर्षांसाठी थांबवली. आधी परवानग्या वाटल्या कोणी?

तर पोरगं सनद घेऊन, परीक्षा देऊन, काळा कोट शिवून तालुक्याच्या कोर्टात येतं. इथून खरी कथा सुरू होते.

सकाळी साडेदहाला बोर्ड बघायचा. सिनिअर साहेबांच्या अठरा तारखा असतील तर कुठली कुठल्या कोर्टात आहे ते वहीत उतरवायचं. पुकारा झाला की धावत जाऊन "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत" सांगायचं. मुदतीचा अर्ज, आरोपीच्या हजेरी माफीचा अर्ज, नकलेचा अर्ज. बेलिफाला गाठून समन्स बजावलं का विचारायचं. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये फेरफाराची जुनी नक्कल मिळेपर्यंत उभं राहायचं. संध्याकाळी साहेबांच्या घरच्या ऑफिसात अशिलांची गर्दी ओसरेपर्यंत फायली लावायच्या. शेवटची एसटी साडेसातला. ती चुकली की गावाकडची मुलगी जाणार कुठे, हा प्रश्न आमच्या एकाही सिनिअरनं कधी स्वतःला विचारलेला मी पाहिला नाही. आमच्या बार रूममध्ये बायकांसाठी वेगळी खोली नाही. संडासाला कुलूप असतं आणि किल्ली पट्टेवाल्याकडे. मी २००६ साली आले तेव्हाही हेच होतं.

या सगळ्याचे पैसे किती? मला पहिल्या वर्षी महिन्याला काहीच मिळत नव्हतं. दिवाळीला एक साडी आणि पाचशे एक रुपये मिळाले. दुसऱ्या वर्षापासून सिनिअर कधी दोनशे, कधी पाचशे द्यायचे, आणि देताना चारचौघांत द्यायचे. आज आमच्या कोर्टात बहुतेक ज्युनिअरांना शून्य ते तीन हजार मिळतात. काहींना "अशिलाकडून जाण्यायेण्याचं घे" असं सांगून मोकळं केलं जातं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला अशिलासमोर हात पसरायला शिकवायचं, आणि दहा वर्षांनी त्यानं अशिलाला लुबाडलं की बार रूममध्ये नीतीवर बोलायचं, असं करणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

"आम्हीही असंच शिकलो" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हो, शिकलात. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी जमीन होती, घर स्वतःचं होतं, बहिणीच्या लग्नाचं ओझं मोठ्या भावावर होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं तो तुमच्या बरोबर बसलेला नाही. तो कधीच निघून गेला, म्हणून तुम्हाला दिसत नाही. उपाशी राहून वकील झालेले दोन-चार दाखवायचे आणि उपाशी राहून सोडून गेलेले शंभर विसरायचे, हा पुरावा कुठल्या कोर्टात चालेल?

आता मे २०२५ च्या निकालाकडे येते, कारण त्यानंतर हा प्रश्न आमच्या बार रूमपुरता राहिलेला नाही. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी अर्ज करणाऱ्याला किमान तीन वर्षांची वकिली हवी. २००२ मध्ये काढलेली अट परत आली. मला निकाल पटतो. कॉलेजातून थेट खुर्चीवर आलेल्या न्यायाधीशाला सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना काय असतो, हे मी स्वतः समजावून सांगितलेलं आहे. ज्यानं कोर्टाच्या पायरीवर अशिलाबरोबर उन्हात दिवस काढलेला नाही, त्याला तारीख म्हणजे काय ते कळत नाही. अनुभव हवाच.

पण त्या तीन वर्षांचं पोट कोण भरणार, याचं उत्तर निकालानंतरही कोणी दिलं नाही. आधी शेतमजुराची हुशार मुलगी पदवीनंतर घरी अभ्यास करून, शिकवण्या घेऊन एमपीएससीची दिवाणी न्यायाधीशाची (जेएमएफसी) परीक्षा देऊ शकत होती. ती वाट आता बंद. तिला तीन वर्षं कुणाच्या तरी ऑफिसात राबावंच लागेल. शिवाय अनुभवाचा दाखला लागतो: एक तर कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, नाहीतर दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही. तालुक्याच्या ठिकाणी हे सारं शेवटी कुणाच्या शब्दावर चालतं ते मला सांगायची गरज नाही. ज्या साहेबांनी तीन वर्षांनी दाखला द्यायचा, त्यांच्यापुढे उभं राहून "सर, या महिन्याचे पैसे?" कोण विचारील? न्यायालयाला अनुभवी न्यायाधीश हवे होते. पैशाची सोय न करता अट घातल्यामुळे मिळतील ते अनुभवी आणि खात्यापित्या घरचे न्यायाधीश.

आणि हे पोरगं दुसरीकडे कमवूनही खाऊ शकत नाही. बार कौन्सिलचे नियम सांगतात की वकिलानं पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही आणि स्वतः धंदा चालवायचा नाही. जाहिरात करायची नाही. दिवसाला तीन तास कायदा शिकवायची मुभा आहे, पण ती लॉ कॉलेज जवळ असेल तर. आमच्या तालुक्यातून सर्वांत जवळचं कॉलेज एसटीनं दीड तास. हे नियम व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी आहेत, मान्य. पण बाहेर कमवायचं नाही असं सांगणाऱ्या संस्थेवर आत पोटापुरतं देण्याची जबाबदारी येते. सैन्यातल्या शिपायाला दुसरी नोकरी करता येत नाही, पण त्याला पगार असतो. एमबीबीएस करून इंटर्नशिप करणाऱ्याला सरकारी रुग्णालयात विद्यावेतन मिळतं. सीएची आर्टिकलशिप करणाऱ्याला किती द्यायचं याचा किमान आकडा त्यांच्या संस्थेनं ठरवलेला आहे. वकिलाच्या शिकाऊ वर्षांचा देशभर लागू असा बंधनकारक आकडा एकच, शून्य.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं: ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० द्यावेत. ते वाचून आमच्या कोर्टातल्या ज्युनिअर पोरांनी एकमेकांना पाठवलं, मलाही पाठवलं. मी शेवटपर्यंत वाचलं. ती शिफारस होती. सक्ती नाही, न दिल्यास कारवाई नाही, देण्यासाठी कुठला निधी नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तमिळनाडू आणि पुद्दुचेरीच्या बार कौन्सिलला असेच आकडे लागू करायला सांगितलं होतं. अशिलानं मला पैसे देऊ केले आणि "ही शिफारस समजा, जमलं तर देईन" म्हणाला तर मी वकीलपत्रावर सही करणार नाही. मग माझ्याच संस्थेचा हा कागद मी गंभीरपणे का घ्यावा?

"तालुक्यात वकील फार झालेत, ज्युनिअर नसले तरी चालतं" असं म्हणणाऱ्यांना मी एक दावा सांगते. चालू आहे, म्हणून नावगाव देत नाही. तीन बहिणी, एक भाऊ, साडेअकरा एकर. वडील वारल्यावर भावानं तिघींना तलाठ्याकडे नेलं, पीकविम्याचं काम आहे म्हणून जबाबावर सह्या घेतल्या, आणि फेरफारानं तिघींची नावं वारसांतून कमी झाली. धाकटी बहीण विधवा होऊन माहेरी आली तेव्हा भावानं सातबारा दाखवला. ती आमच्याच कोर्टातल्या तीन वकिलांकडे जाऊन आली. एकानं सांगितलं, "सही केलीस, आता संपलं." दुसऱ्यानं दावा लावायला तीस हजार मागितले. तिसऱ्याला भावानं आधीच वकीलपत्र दिलं होतं.

माझ्याकडे ती आली तेव्हा ती पुण्याला गेलेली पोरगी माझ्याकडे होती. तिनं तहसीलला चार खेटे घातले आणि मूळ फेरफार, जबाब, नोटीस असं सगळं बाहेर काढलं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. होता तो साधा जबाब. फेरफारानं मालकी जात नाही, ही महसुलाची नोंद आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं किती वेळा सांगितलंय त्याची यादी तिनं करून दिली. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा मिळाला, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची गरज नाही हेही स्पष्ट केलं. ही दोन्ही टिपणं तिनं मराठीत लिहिली होती, त्या बाईला वाचून दाखवता येतील अशी. आमच्या कोर्टात हे काम करणारे काळे कोट किती? चाळीस-पन्नास कोट दिसतात. त्यातले निम्मे तहसीलच्या आवारात प्रतिज्ञापत्रांवर जगतात, दहा-बारा जामिनांवर, आणि दिवाणी दावा सुरुवातीपासून उलटतपासापर्यंत धरून चालवणारे बोटांवर मोजावेत. वकील फार झाले हे खोटं आहे. वकील होऊ दिले जात नाहीत, हे खरं आहे.

या बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळाला असता ना? कायदा तसंच म्हणतो. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं की कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेला पात्र आहे. तालुका समितीही आहे. पण पॅनेलवरच्या वकिलाला दाव्यामागे जे मानधन मिळतं त्यात पाच-सहा वर्षांच्या तारखा निघत नाहीत, म्हणून अनुभवी वकील पॅनेलवर नाव घालत नाहीत, घातलं तर लक्ष घालत नाहीत. आणि ज्या उमेदीच्या पोरांनी ते काम जीव ओतून केलं असतं ते पुण्यात थकीत हप्त्यांच्या नोटिसा छापत बसलेत. कदाचित त्यातली एखादी नोटीस त्या बहिणीच्याच नावावर निघेल.

नव्या वकिलांना पोटापुरतं देणं दुसरीकडे जमतं. आंध्र प्रदेशनं डिसेंबर २०१९ पासून नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिन्याला ५,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. रक्कम तोकडी होती, पण सरकारच्या तिजोरीतून आली आणि सिनिअरच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. अमेरिकेतल्या साउथ डकोटा या शेतीच्या राज्यात खेड्यांत वकील उरले नाहीत तेव्हा तिथल्या सरन्यायाधीशांनी स्वतः पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा केला: दहा हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या काउंटीत पाच वर्षं वकिली करणाऱ्याला दरवर्षी साधारण साडेबारा हजार डॉलर. निम्मे राज्याच्या न्यायव्यवस्थेकडून, ३५ टक्के त्या काउंटीकडून, १५ टक्के वकिलांच्या संघटनेकडून. यातला शेवटचा आकडा आमच्या बार कौन्सिलनं वाचावा. वकिलांच्या संघटनेनं स्वतःच्या खिशातून दिले. तिथे प्रश्न वकील येत नाहीत हा होता, आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना घालवतो. म्हणजे आमचं काम सोपं आहे आणि तरी आम्ही ते करत नाही.

पैसे कुठून, असं विचाराल. प्रत्येक वकीलपत्रावर आम्ही कल्याण निधीचं तिकीट लावतो. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९८१ चा आहे. तो निधी मुख्यतः वकील मेल्यावर किंवा वकिली सोडल्यावर उपयोगी पडतो. वकिली सुरू करताना त्यातला एक पैसा मिळत नाही. हे उलटं आहे आणि विधिमंडळाला एका दुरुस्तीत सुलटं करता येईल. राज्य सरकार कोर्ट फीतून जे गोळा करतं त्यातला वाटा घाला. उरलेला भार दहा वर्षांवर वकिली झालेल्या आणि ज्युनिअर राबवून घेणाऱ्या प्रत्येकानं उचलावा, माझ्यासकट. मी सहा हजार देत होते आणि ते कमी होते. तिच्या कामानं माझे दावे उभे राहिले, फी मी घेतली. हा हिशेब मी आधीच मांडायला हवा होता, पण मांडला नाही, आणि ती गेल्यावर मांडावा लागतोय.

या महिन्यात आमच्या बार असोसिएशनची सर्वसाधारण सभा आहे. मी ठराव दिलाय. ज्याच्याकडे ज्युनिअर आहे त्या प्रत्येक वकिलाचं नाव आणि तो महिन्याला देत असलेली रक्कम बार रूमच्या फळ्यावर लिहावी, आणि शून्य असेल तर शून्य लिहावं. ज्युनिअरच्या सहीशिवाय आकडा ग्राह्य धरू नये. सहीमुळे पोरांवर दबाव येईल हे मला कळतं, म्हणून सह्या घेणारी व्यक्ती आमच्यातली नसावी, असंही ठरावात घातलंय. तीन सिनिअरांनी फोन करून ठराव मागे घ्यायला सांगितलं. एकानं "तुमची इज्जत राहणार नाही" म्हटलं. एकाही ज्युनिअरनं अजून अनुमोदन दिलेलं नाही. खताच्या दुकानवाल्यानंही नाही.

फळ्यावर माझं नाव पहिलं असेल. पुढच्या ज्युनिअरसाठीचा आकडा पंधरा हजार. त्या टेबलाशी बसायला सध्या कोणी नाही, आणि त्या बहिणीची साक्ष पुढच्या महिन्यात आहे.